भूगर्भांतील उष्णता आणि सार्वजनिक पैसा

विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. खणण्याचा खर्च आधीं होतो. पाणी लागेल कीं नाहीं हें मागाहून कळतें. पाणी लागलें तर पिढ्यान्‌पिढ्या बागाईत होते. कोरडा खडक लागला तर खड्डा राहतो आणि कर्जाचें व्याजहि राहतें. भूगर्भांतील उष्णता वर काढण्याच्या उद्योगांत हीच अडचण शेंकडों पटींनीं मोठी होऊन उभी राहते. सार्वजनिक पैशाच्या साहाय्यानें तीवर कांहीं देशांनीं कशी तोड काढली, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

पृथ्वीच्या पोटांत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढते. सर्वसाधारण प्रदेशांत हें मान दर किलोमीटरास सुमारें 25 ते 30 अंश सेंटिग्रेड असतें. ज्वालामुखीच्या पट्ट्यांत तें कितीतरी अधिक असतें. तेथें भेगांतून मुरलेलें पावसाचें पाणी खालीं तापतें आणि बोअर घेऊन तें पाणी अगर त्याची वाफ वर आणितां येते. पाणी फार तापलेलें असल्यास वाफेवर यंत्रें चालवून वीज करितात. बेताचें असल्यास घरें, कांचगृहें व वाळवणाच्या खोल्या तापवितात. यास कोळसा नको, तेल नको. परंतु बोअर घेतल्यावांचून खालीं काय आहे याची खात्री होत नाहीं आणि एका खोल बोअरचा खर्च कोट्यवधि रुपयांवर जातो. कोरड्या बोअरच्या तारणावर कोणतीहि पेढी कर्ज देत नाहीं. म्हणून खाजगी भांडवल पहिल्याच पायरीवर अडतें.

या बाबतींत आइसलंडचें उदाहरण फार बोधप्रद आहे. उत्तर अटलांटिक महासागरांतील हें थंड बेट ज्वालामुखींनीं भरलेलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील कांहीं शेतकऱ्यांनींच ऊन झऱ्यांचें पाणी नळानें आपल्या घरांत आणिलें. 1924 पासून त्या उष्णतेवर कांचगृहांतील लागवड सुरू झाली. 1930 सालीं राजधानी रेक्याविक येथें सुमारें 3 किलोमीटर लांबीचा नळ टाकून शाळा, रुग्णालय व कांहीं घरें तापविण्यांत आलीं. असें असूनहि 1970 च्या सुमारास जवळजवळ निम्मे लोक घरें तापविण्यासाठीं परदेशांतून आणिलेलें तेलच जाळीत होते. ज्या गांवाजवळ उघडा झरा नव्हता, त्यानें बोअरचा जुगार कोणाच्या बळावर खेळावा?

त्याचें उत्तर तेथील सरकारनें दिलें. 1967 सालीं पूर्वींचे दोन निधि एकत्र करून ऊर्जानिधि स्थापन झाला. त्याचा नियम साधा होता. बोअरच्या खर्चापैकीं शेंकडा 60 पर्यंत रक्कम निधीनें कर्जाऊ द्यावी. उष्ण पाणी लागलें तर गांवानें तें फेडावें. अपेक्षित पाणी न लागल्यास कर्ज माफ व्हावें. 1973 सालीं तेलाचे भाव भडकले, तेव्हां या योजनेची किंमत सर्वांस कळली. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. उरलेला भाग गांवाच्या अंगावर राहात असल्यामुळें जागा निवडतांना कोणी हयगय करीत नसे. तसेंच सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ आधीं पाहणी करीत. म्हणून निधीचा पैसा अंधारांत पडत नसे. यशस्वी बोअरची फेड निधींत परत येई आणि ती पुढील गांवाच्या कामीं पडे. आज त्या देशांत दहांपैकीं नऊ घरें भूगर्भाच्या उष्णतेनें तापतात आणि बाहेर बर्फ असतां कांचगृहांत टोमॅटो, काकडी व फुलें पिकतात.

आफ्रिकेंतील केनिया देशाची हकीकत याच अर्थाची आहे. ओल्कारिया येथें 1950 नंतरच्या दशकांत घेतलेलीं पहिलीं दोन बोअरें निष्फळ ठरलीं आणि काम थांबलें. 1970 नंतर सरकार व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या पैशानें तें पुन्हां सुरू झालें आणि 1981 सालीं तेथें 15 मेगावॉटचें पहिलें यंत्र वीज देऊं लागलें. पुढें 2008 सालीं बोअरचा धोका पत्करण्यासाठींच एक स्वतंत्र सरकारी कंपनी निर्माण झाली. जवळच्या नैवाशा सरोवराकांठीं फुलांच्या मोठ्या मळ्यांत ही उष्णता कांचगृहांस दिली जाते. तीमुळें रात्रींची दमट हवा कोरडी होऊन बुरशी हटते.

आपल्याकडे लडाखांतील पुगा खोऱ्याकरितां सरकारी तेल महामंडळानें 2021 सालीं करार केला आणि 2025 सालीं केंद्र सरकारनें या ऊर्जेचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. कोंकणांत वज्रेश्वरी, तुरळ, राजवाडी, उन्हवरे येथें ऊन पाण्याचे झरे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु तेथें जागृत ज्वालामुखी नाहीं. तेव्हां आइसलंडसारख्या वाफेची आशा धरणें योग्य नव्हे. कोंकणांत कांचगृहें तापविण्याचीहि गरज नाहीं. गरज आहे ती वाळवणाची. वळवाच्या सरींनीं कोकमाचीं सोलें भिजून जातात, हें तेथील बागाईतदार जाणतो. बेताच्या ऊन पाण्यावर वाळवणाची खोली चालते. आइसलंडांत मासे अशाच रीतीनें वाळवितात. मात्र अशा पाण्यांत क्षार असतात. म्हणून तें परीक्षा केल्यावांचून पाटांत सोडूं नये.

असा सार्वजनिक पैसा जेव्हां मागितला जाईल, तेव्हां शेतकरी बंधूंनीं चार प्रश्न विचारावे. आधीं पाहणी झाली आहे काय? धोक्याचा वांटा मागणाऱ्यानेंहि उचलला आहे काय? यश आल्यास पैसा निधींत परत येईल काय? आणि बोअर फसलें तरी त्यांतील माहिती सर्वांस खुली राहील काय? या चौथ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावें. कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला हें शेजाऱ्यास कळलें, तर एका फसलेल्या बोअरचा खर्च दुसऱ्याचें बोअर वांचवितो.