लॅपटॉपची दुरुस्ती की निर्लेखन?

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो की जिल्हा परिषदेची शाळा, लॅपटॉप हा आता दप्तराचाच एक भाग झाला आहे. ई-ग्रामस्वराज प्रणालीवरील लेखे, नागरिकांचे दाखले, यू-डायसमधील विद्यार्थ्यांची माहिती ही सर्व कामे त्यावर होतात आणि लहान गावात असे यंत्र बहुधा एकच असते. ते एके दिवशी चार्ज होईनासे झाले की दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाताने परतावे लागते. यंत्र निकामी झाल्याचा शेरा पडतो, नव्याची मागणी पाठविली जाते आणि जुने यंत्र कपाटावर जाऊन बसते. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष एका लहानशा सुट्या भागापुरताच असतो. तो कोणत्या भागात आहे हे ठरविण्यापूर्वी दुरुस्तीचा किंवा निर्लेखनाचा निर्णय घेणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्ययच होय.

वीज भिंतीतील सॉकेटपासून बॅटरीपर्यंत कोणत्या मार्गाने जाते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा व प्रत्यावर्ती असतो. अडॅप्टर त्याचे रूपांतर साधारणतः 19 ते 20 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात करतो. अडॅप्टरची पिन लॅपटॉपच्या ज्या छिद्रात बसते तो जॅक. तेथून वीज मदरबोर्डवर येते आणि तेथील नियंत्रक मंडल ती बॅटरीस पुरविते. सॉकेट, वायर, अडॅप्टर, जॅक, मदरबोर्ड, बॅटरी अशी ही साखळी आहे. तीत जसजसे पुढे जावे तसतसा खर्च साधारणपणे वाढत जातो. मात्र मदरबोर्ड हा बॅटरीपेक्षाही महाग पडतो. म्हणून तपासणीचा आरंभ भिंतीपासून करावा, मदरबोर्डपासून नव्हे.

दुसऱ्या सॉकेटवर यंत्र लावून पाहण्यास काहीच खर्च येत नाही. त्यानंतर त्याच प्रकारचा दुसरा अडॅप्टर मिळवून तो लावावा. शेजारच्या शाळेत किंवा पंचायत समितीत असा अडॅप्टर सहसा मिळून जातो. मात्र त्यावर छापलेले व्होल्ट, पिनेचा आकार आणि धन-ऋण चिन्हांची मांडणी जुळलीच पाहिजे. वॉट अधिक असले तरी चालतात, कमी असू नयेत. या अडॅप्टरवर यंत्र सुरळीत चार्ज झाले, तर दोष जुन्या अडॅप्टरचा, बहुधा पिनेजवळ मोडलेल्या वायरीचा, समजावा. दोन्ही अडॅप्टर लावूनही पिन किंचित हलविताच चार्जिंग सुरू-बंद होत असेल, तर संशय जॅकवर जातो. अडॅप्टरवर यंत्र नीट चालते, पण तो काढताच बंद पडते, अशी स्थिती असेल तर बॅटरीकडे पाहावे. विंडोज प्रणालीत बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली आहे, हे त्यात आकड्यांत दिसते.

येथे एक फसवे लक्षण ध्यानात ठेवावे. डेल व एचपी यांच्या अनेक लॅपटॉपच्या जॅकमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यावरून अडॅप्टर कोणता आहे हे यंत्र ओळखते. ही पिन वाकली किंवा तिची तार तुटली, तर यंत्र चालते, परंतु बॅटरी चार्ज होत नाही. अशा वेळी बॅटरीवर विनाकारण खापर फुटते आणि नवी बॅटरी बसवूनही दोष तसाच राहतो. उलटपक्षी, बॅटरी 80 टक्क्यांवर थांबते ही तक्रार दोषाची नसून तिचे आयुष्य वाढविण्यासाठी केलेल्या मांडणीची असू शकते.

नव्या यंत्रांत गोल पिनेऐवजी टाइप-सी पोर्ट असतो. त्यात साचलेली धूळ यंत्र बंद करून लाकडी काडीने हलकेच काढली, तरी काही वेळा काम भागते. असे दोन पोर्ट असतील व दुसऱ्यावर चार्जिंग होत असेल, तर दुरुस्ती निकडीची उरत नाही. मोबाइलचा कमी वॉटचा चार्जर लावून यंत्र बिघडले असे ठरविणे मात्र योग्य नव्हे.

जॅकच सदोष ठरला, तर तंत्रज्ञास एकच प्रश्न विचारावा : जॅक सुट्या वायरीसह आहे की मदरबोर्डवर सोल्डरिंग केलेला आहे? सुटा असेल तर दुरुस्ती स्वस्त व थोड्या वेळाची असते. सोल्डरिंग केलेला असेल तर कुशल हात लागतो. टाइप-सीच्या बाबतीत तर अधिकच. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर येथे असे काम करणारे कारागीर आहेत. तालुक्याच्या ठिकाणीही चौकशी केल्यास ते भेटतात. मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या ठिकाणी अंदाजपत्रक घेतल्यावाचून होकार देऊ नये. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा.

खर्च कळला म्हणजे निर्णय झाला असे नाही. जडसंग्रह नोंदवहीतील खरेदीची तारीख पाहून हमीची मुदत शिल्लक आहे का, हे आधी तपासावे. असल्यास यंत्र बाहेर उघडू देऊ नये. यंत्र आणखी किती वर्षे उपयोगी पडेल हा दुसरा विचार. विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. जी यंत्रे विंडोज 11 पेलू शकत नाहीत, त्यांच्या मदरबोर्डवर मोठा खर्च करणे शहाणपणाचे नाही. तथापि तेवढ्याच कारणाने किरकोळ जॅकची दुरुस्तीही नाकारावी असे नव्हे. लिनक्स बसवून असे यंत्र शाळेत मुलांच्या सरावासाठी वापरता येते.

काही प्रसंगी मात्र विचार करीत बसू नये. जळका वास येणे, जॅकजवळ हात भाजेल इतकी उष्णता, किंवा बॅटरी फुगून कळफलक वर उचलला जाणे, यांपैकी काहीही दिसताच अडॅप्टर काढून यंत्र बंद करावे. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये; लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

दुकानात यंत्र देण्यापूर्वी, उरलेल्या चार्जवर का होईना, सर्व माहितीची प्रत काढावी. चार्ज मुळीच नसेल तर तंत्रज्ञाकडून आपल्यासमक्ष हार्ड डिस्क काढून घ्यावी. बहुतेक यंत्रांत ती सुटी असते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यंत्रासोबत कदापि देऊ नये, कारण त्यावर ग्रामनिधीची देयके अदा होतात. यंत्र अखेरीस निर्लेखित करावेच लागले, तर त्यातील माहिती पुसून व जडसंग्रह नोंदवहीत तशी नोंद घेऊन ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा रोख याच दिशेने आहे. चालू स्थितीतील अडॅप्टर मात्र यंत्राबरोबर देऊन टाकू नये. तशाच प्रकारच्या दुसऱ्या यंत्राच्या तपासणीस तो उपयोगी पडतो.