नागिणीची घडण

मुलांनो, सापशिडी आणि बुद्धिबळ हे खेळ तुमच्या परिचयाचे आहेत. आज आपण ज्या खेळाकडे वळणार आहोत, त्यात पट नसला तरी चालते. चारपाच मित्र मेजाभोवती बसतात. त्यांच्यापैकी एक गोष्ट सांगू लागतो. त्याला आपण सूत्रधार म्हणू. उरलेले गोष्टीतील एकेक पात्र होतात आणि 'मी आता नदी ओलांडतो', 'मी त्या म्हाताऱ्याला वाट विचारते' असे बोलून गोष्ट पुढे नेतात. एखादे कृत्य साधले की फसले, हे फाशावर ठरते. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा खेळ छापून प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्याचे अनेक प्रकार निघाले आहेत.

अशा खेळाला राक्षस हवेत, अक्राळविक्राळ प्राणी हवेत. १९७७ साली या खेळातील प्राण्यांचे एक पुस्तक निघाले. त्यात माणसाच्या चेहऱ्याचे 'नागा' आढळतात. हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. मात्र नागपंचमीची कहाणी त्याच्याबरोबर गेली नाही. ती कहाणी घेऊन आपणच एक नागीण घडवू या.

कहाणी तुम्ही घरी ऐकली असेल. शेतकरी नांगर धरीत असता फाळ वारुळात घुसला आणि नागिणीची पिल्ले मेली. नागीण परत आली. फाळाला लागलेले रक्त पाहून तिने शेतकऱ्याच्या घरातील सर्वांना दंश केला. मग ती परगावी दिलेल्या त्याच्या मुलीकडे निघाली. तेथे पाहते तो त्या मुलीने पाटावर चंदनाची नागनागीण काढून पूजा मांडलेली, दुधाचा नैवेद्य दाखविलेला. नागिणीचा राग ओसरला. तिने मुलीला अमृत दिले, आणि माहेरची सारी माणसे उठून बसली.

या कहाणीत राक्षसाला लागणारे सर्व काही आहे. नागीण चिडली त्याला कारण आहे. आणि तिला शांत करण्याचा उपायही आहे, तो तलवारीचा नाही. माझ्या मते चांगल्या राक्षसाची खरी ओळख हीच. नुसते दात, नखे आणि विष मोठे करीत गेले की प्राणी भयंकर होतो खरा, पण दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाही. जुन्या लोकांना हे चांगले कळत होते. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात बॅसिलिस्क नावाच्या सर्पाचे वर्णन केले आहे. त्याची लांबी बारा अंगुळांहून अधिक नाही, पण त्याच्या श्वासाने झुडपे करपतात आणि दगड फुटतात. इतका भयानक साप कशाने मरतो, तर मुंगसाच्या अंगलटीच्या वीझल नावाच्या चिमुकल्या प्राण्याने! शक्ती आणि उतारा दोन्ही एकाच गोष्टीतून आले आहेत.

आता आकड्यांकडे येऊ. या खेळात वीस बाजूंचा फासा वापरतात. आपल्या नागिणीने फूत्कार टाकला की समोरची पात्रे भयाने जागीच खिळतात, असे धरू. ज्याच्या फाशावर ११ किंवा अधिक पडतील तो सुटला, असा नियम केला, तर वीसपैकी दहा बाजू त्याच्या सोयीच्या होतात. चार जणांपैकी सुमारे दोघे मोकळे राहतात आणि गोष्ट चालू राहते. पण उत्साहाच्या भरात १८ ही मर्यादा ठेवली, तर वीसपैकी तीनच बाजू उपयोगाच्या. मग निम्म्याहून अधिक वेळा चौघेही एकदमच खिळतील. मेजाभोवती चार मुले नुसती बसून राहतील, आणि सूत्रधार एकटाच बोलत राहील. हा काही खेळ नव्हे.

काही गुण खऱ्या सापाकडूनही घेता येतात. सापाला बाहेरून दिसणारा कान नसतो, पण जमिनीतून येणारी कंपने त्याला चटकन कळतात. म्हणून आपल्या वारुळाकडे जो धाडधाड पाय आपटीत जाईल, त्याची चाहूल नागिणीला आधी लागेल. हलक्या पावलाने जाणारा जवळ पोचेल. वारूळ मुळात वाळवीने बांधलेले असते, साप त्यात येऊन राहतो. 'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण काही उगीच पडली नाही. तेव्हा वारुळात आडवेतिडवे अरुंद बोगदे दाखविण्यास हरकत नाही.

उलट, काही गुण केवळ गोष्टीतले असतात, आणि ते गोष्टीतच राहू द्यावेत. साप डूख धरून माणसाच्या पाठीस लागतो, हे खरे नाही. तो दूध पिऊन जगत नाही. उंदीर आणि बेडूक हे नागाचे अन्न. खेळात मंत्राने विष उतरले तर उतरू द्या. पण शेतात कोणाला नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले, तर त्या माणसाला हालचाल न करू देता तडक रुग्णालयात न्यावयाचे असते. तेथे सर्पविषावरील प्रतिविष मिळते. मांत्रिकाच्या दारी गेलेला वेळ परत मिळत नाही. खेळ संपल्यावर सूत्रधाराने हे मित्रांना स्पष्ट सांगावे.

उतारा मात्र फार उघडा ठेवू नये. पूजा करा म्हणजे ती शांत होईल, असे गावच्या पाटलाने पहिल्याच भेटीत सांगून टाकले, तर पुढे उरले काय? खुणा थोड्या थोड्या पेराव्यात. शेताच्या कडेला मोडलेला फाळ पडलेला असावा. एका घराच्या पाटावर चंदनाचा पुसट डाग दिसावा. परगावाहून आलेल्या मुलीने, 'वारुळातली पिल्ले कोणी पुरली का?' एवढेच विचारावे. जो मित्र थांबून विचार करील, त्याला उलगडा होईल. ज्याला तलवारच उपसावयाची आहे त्याने ती खुशाल उपसावी. त्या वारुळात एकच नागीण आहे, असे आपण कोठे म्हटले आहे?

शेवटी तिचे चित्र काढा. नाग मानेच्या फासळ्या पसरून फणा उभारतो, हे ध्यानात ठेवा, आणि फण्याच्या मागच्या बाजूस तो दहाचा आकडा काढावयास विसरू नका.