दुसरा संसार आणि वारसाहक्क



जोडीदार वारल्यावर लहान मुलांसाठी पुन्हा वेदीपुढे उभे राहिलेले कितीतरी जण आपल्या नांदेड-लातूरकडे आहेत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही मोडलेले संसार असेच जोडले गेले. घरात तुझी-माझी मुले असा भेद नसतो. कर्ता पुरुष गेल्यावर मात्र तलाठ्याकडे वारसनोंद करताना तो भेद समोर येतो.

आपल्याला हिंदू वारसा कायदा नव्हे, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात असलेल्या आपल्या भागात तो १९५१ साली आला. त्याच बदलाच्या आधारे केरळच्या मेरी रॉय यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुलींचा समान वाटा मिळवला.

समजा, एका विधुराची नऊ एकर जमीन आहे. पहिल्या पत्नीची दोन मुले. दुसरी पत्नी विधवा होती, तिचा एक मुलगा सोबत आला. पुढे दोघांना एक मुलगी झाली. मृत्युपत्र न करता तो वारला, तर पत्नीला एक तृतीयांश, म्हणजे तीन एकर. उरलेले सहा एकर त्याच्या तीन मुलांत सारखे, प्रत्येकी दोन. सोबत आलेल्या मुलाला काहीच नाही, मग त्याने बापाची कितीही सेवा केलेली असो! पुढे आईही मृत्युपत्राविना गेली, तर तिचे तीन एकर तिचा मुलगा आणि ती मुलगी यांच्यात वाटले जातील. तेव्हा सावत्र मुलांना तिच्याकडून काही मिळणार नाही.

यावर उपाय दोन. एक, सावत्र मुलाला रीतसर दत्तक घेणे. दुसरा, मृत्युपत्र. आपल्यात मुलाला जन्मानेच जमिनीत हिस्सा मिळत नाही, त्यामुळे वडिलांना आपल्या नावावरची मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. (हे ऐकून काही तरुणांच्या कपाळाला आठ्या पडतील, पण कायदा असाच आहे.) साधा कागदही चालतो, नोंदणीची सक्ती नाही, सही करताना दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यायचे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये, नाहीतर त्याला दिलेले रद्द ठरते.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. पहिल्या मुलांची सोय म्हणून विधुरपणी लिहिलेला कागद दुसऱ्या लग्नाच्या दिवशीच संपतो, तो पुन्हा लिहावा लागतो.

मृत्युपत्र कोर्टातून सिद्ध करून घेण्याची, म्हणजे प्रोबेटची, सक्ती २००२ च्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती लोकांना नाही. तरी भाऊबंदांत वाद दिसत असेल तर वकिलाला विचारावे. बँकेतला नॉमिनी हाही मालक नसतो, तो पैसे वारसांसाठी सांभाळतो. पहिल्या पत्नीचे नाव अजून तिथेच असेल, तर पासबुक काढून आजच पाहावे.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात दोन बायकांच्या नवऱ्याला बजावले आहे, की नावडतीच्या थोरल्या मुलाचा हक्क डावलून आवडतीच्या मुलाला देऊ नये. हा घोळ तेव्हाही होता. कागद लिहायला बसाल तेव्हा सगळ्या मुलांना जवळ बसवा आणि कोणाला काय व का दिले, ते आपल्या तोंडाने सांगा.