गुऱ्हाळ थंडावले, आता हिशेब मांडू या

विद्यार्थी मित्रांनो, कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत यात्रा भरते त्या सुमारास येथील वाण्याच्या दुकानात नवा गूळ येऊ लागतो. ढेप फोडली की तिचा वास दुकानाबाहेर येतो. चैत्रात ऊन तापले की ही आवक कमी होते, कारण गुऱ्हाळे एकामागून एक बंद होत असतात. आळंदीच्या खाली इंद्रायणी मरकळवरून वाहत जाऊन तुळापूरला भीमेस मिळते. या नद्यांच्या काठी ऊस आहेच. परंतु पुणे जिल्ह्यात गुऱ्हाळांची दाटी पाहायची असेल तर दौंड तालुक्यात जावे.

मागे एकदा हंगाम संपताना मी तेथील एका गुऱ्हाळावर गेलो होतो. चरक थांबलेला होता, काहील चुलवाणावरून उतरवून पालथी घातलेली होती. मालक मात्र चिंतेत होते. ते म्हणाले, “सर, ऊस चांगला होता, भावही बरा मिळाला, पण शेवटचा महिनाभर जळण विकत घ्यावे लागले. आमच्याच उसाचे चिपाड आम्हाला पुरत नाही. उष्णता जाते तरी कोठे?”

प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. आज तेच शोधू या. गुऱ्हाळ पेटलेले असताना विचार करायला कोणाला सवड नसते. हिशेब मांडण्याची वेळ हंगाम संपल्यावरचीच.

पाणी किती उडवायचे?

गूळ करणे म्हणजे उसाच्या रसातील पाणी उडवणे. चरकातून रस निघतो, तो काहिलीत तापतो. चुन्याची निवळी व रानभेंडीचा चिकट रस घालून वर येणारी मळी काढून टाकतात. मग रस आटत आटत पाक होतो आणि योग्य क्षणी गुळव्या काहील उतरवायला सांगतो. चुलवाणात जळण सारणाऱ्यास चुलव्या म्हणतात. गुळव्या वर पाहतो, चुलव्या खाली पाहतो. दोघांचे काम जमले तरच गूळ चांगला उतरतो.

आता १ टन, म्हणजे १,००० किलो, उसाचा हिशेब करू. सोयीसाठी काही आकडे धरून चालू. रस ६०० किलो निघाला, चिपाड ४०० किलो उरले. रसात विरघळलेले पदार्थ १८ टक्के, म्हणजे १०८ किलो. त्यांतील थोडे मळीबरोबर जातात आणि गुळात थोडे पाणी राहते. म्हणून गूळ ११० किलो व मळी १० किलो धरू. तेव्हा वाफ होऊन जाणारे पाणी झाले ६०० − ११० − १० = ४८० किलो.

उष्णता दोन कामांसाठी लागते. पहिले काम, रस २८ अंशांपासून उकळीपर्यंत, म्हणजे ९८ अंशांपर्यंत तापवणे. (उकळी ९८ अंशांना का, १०० ला का नाही, ते पुढे पाहू.) रसाची विशिष्ट उष्णता दर किलोस दर अंशास ३.८ किलोज्यूल धरली तर

६०० × ३.८ × ७० = १,५९,६०० किलोज्यूल.

दुसरे काम, ४८० किलो पाण्याची वाफ करणे. पाण्याची बाष्पनाची अप्रकट उष्णता दर किलोस सुमारे २,२६० किलोज्यूल आहे. म्हणून

४८० × २,२६० = १०,८४,८०० किलोज्यूल.

एकूण झाले १२,४४,४०० किलोज्यूल. यातील रस तापवण्याचा वाटा जेमतेम एक अष्टमांश आहे. बाकी सारी उष्णता तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. अप्रकट उष्णता हा शब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने तिचे बळ पाहायचे असेल तर ते काहिलीवरच्या वाफेच्या ढगात पाहावे.

चिपाड का पुरत नाही?

४०० किलो ओल्या चिपाडात निम्म्याहून अधिक पाणी असते. उन्हात चांगले वाळवले तर साधारण २०० किलो जळण हाती येते. असे वाळलेले चिपाड दर किलोस सुमारे १५,००० किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे २०० किलोंपासून ३० लाख किलोज्यूल. आपल्याला हवेत साडेबारा लाखांहूनही कमी. मग तूट कशी?

मित्रांनो, चुलवाणात निर्माण झालेली सगळी उष्णता रसात जात नाही. बरीचशी तप्त वायूंबरोबर धुराड्यातून निघून जाते, काही भिंतींतून झिरपते, काही काहिलीच्या उघड्या पृष्ठभागावरून हवेत जाते. शंभर भागांपैकी तीसच भाग रसाला मिळाले असे धरा. मग एक किलो चिपाडाची उपयोगी उष्णता ४,५०० किलोज्यूल होईल, आणि लागणारे चिपाड १२,४४,४०० ÷ ४,५०० = २७६ किलो. हाती आहे २०० किलो. तूट टनामागे ७६ किलो! रोज १० टन ऊस गाळणाऱ्या गुऱ्हाळात १०० दिवसांत ही तूट ७६ टनांवर जाते. मालकांच्या चिंतेचे मूळ येथे आहे.

हीच कार्यक्षमता ४५ टक्के झाली तर? एक किलो चिपाडापासून ६,७५० किलोज्यूल मिळतील, १८४ किलो पुरतील आणि टनामागे १६ किलो चिपाड उरेल. म्हणजे तूट आणि शिल्लक यांत फरक आहे तो केवळ पंधरा टक्क्यांचा.

या फरकाची किंमत पैशांपुरती नाही. चिपाड संपले की काही गुऱ्हाळांत टाकाऊ टायर, रबर, प्लॅस्टिक जाळले जाते. त्याचा काळा विषारी धूर प्रथम चुलव्याच्या छातीत जातो, मग आसपासच्या वस्तीत पसरतो. या गोष्टीला मोडता घालायचा तर चांगले चुलवाण आणि वाळलेले चिपाड हवे.

पुढच्या हंगामापूर्वी काय करावे?

पहिला उपाय चिपाड वाळवण्याचा. ओल्या जळणातील प्रत्येक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे २,५५० किलोज्यूल लागतात, आणि ती वाफ धुराड्यातून फुकट जाते. टनामागच्या चिपाडात पाणी १० टक्क्यांऐवजी ३० टक्के राहिले, तर सुमारे ५७ किलो पाणी जास्त जाळावर जाते व दीड लाखाच्या आसपास किलोज्यूल वाया जातात. शिवाय ज्वाला थंड पडते, जळण अर्धवट जळते, धूर वाढतो. अवकाळी पावसाच्या एका सरीने ही हानी होते. म्हणून रचलेल्या चिपाडावर छप्पर असणे ही चैन नव्हे. यंदाचे उरलेले कोरडे चिपाड पावसाळाभर झाकून ठेवले तर पुढचे पहिले आधण त्यावरच पेटते.

दुसरा उपाय धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंना कामाला लावण्याचा. मुख्य काहिलीमागे, धुराड्याच्या वाटेवर, आणखी एक काहील बसवली तर पुढच्या आधणाचा रस तेथेच तापतो. रस उकळीपर्यंत नेण्याचे १,५९,६०० किलोज्यूल असे फुकट मिळाले, तर टनामागे सुमारे ३५ किलो चिपाड वाचते. आपल्या ७६ किलोंच्या तुटीपैकी जवळजवळ निम्मी तूट एका जादा काहिलीने भरून निघाली! एकाहून अधिक काहिलींची चुलवाणे याच तत्त्वावर बांधतात.

तिसरा उपाय स्वच्छतेचा. काहिलीच्या बुडाला बाहेरून काजळी धरते, आतून रसातील व चुन्यातील क्षारांचा थर बसतो. धातू उष्णतेचा सुवाहक आहे, पण हे दोन्ही थर दुर्वाहक आहेत. म्हणून हंगाम संपताच काहील आतून-बाहेरून घासावी, कोरडी करावी आणि गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवावा. धुराड्यातील काजळी काढावी, चुलवाणाच्या भिंतींच्या भेगा लिंपाव्यात. भेगांतून शिरणारी थंड हवा ज्वलनास मदत न करता उष्णता मात्र घेऊन जाते. चरकाच्या लाटांमधील अंतरही तपासावे. लाटा झिजल्या की रस चिपाडात राहतो. त्याने गूळ कमी पडतो आणि चिपाडही ओले राहते.

उरलेल्या ढेपांचीही काळजी आताच घ्यावी. गूळ हवेतील बाष्प शोषून घेतो, आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. म्हणून ढेपा जमिनीपासून वर, कोरड्या जागी, हवा लागणार नाही अशा बांधून ठेवतात.

तापमापी आणि गुळव्याचा डोळा

अनुभवी गुळव्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी वळून पाहतो. ही परीक्षा उत्तम आहे, पण गुळव्या बदलला की गूळ बदलतो. तापमापी बदलत नाही.

द्रावणात साखर वाढली की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. पाण्याच्या तुलनेत ही वाढ ५० टक्के साखरेच्या द्रावणात सुमारे २ अंश, ६० टक्क्यांच्या द्रावणात ३, ७० टक्क्यांच्या द्रावणात साडेपाच आणि ८० टक्क्यांच्या द्रावणात ११-१२ अंश असते. काकवीसाठी पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ५-६ अंश वर, तर ढेपेसाठी सुमारे १८ अंश वर उतरवतात.

पण पाण्याचा उत्कलनबिंदू कोठला? आळंदी समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहाशे मीटर उंच आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. म्हणून येथे पाणी ९८ अंशांनाच उकळते. दौंडचा भागही याच पठारावर आहे. तेव्हा समुद्रकाठी ११८ अंशांना तयार होणारा पाक आपल्याकडे ११६ अंशांनाच तयार होतो. येथे ११८ ची वाट पाहिली तर पाक करपतो, रंग काळवंडतो. यावर सोपा इलाज आहे. रोज सकाळी उकळत्या पाण्यात तापमापी बुडवावी, तिचा आकडा लिहावा आणि त्यात १८ मिळवावेत. तापमापी थोडी चुकीची असली तरी या रीतीत ती चूक बरीचशी निघून जाते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात हिवाळा सरताना मेपल वृक्षाचा रस आटवून पाक करतात. तेथील लोक हेच करतात, आणि पाण्याच्या ४ अंश वर पाक उतरवतात. त्या रसात साखर अवघी २ टक्के असते; एक किलो साखरेमागे ४९ किलो पाणी! आपल्या उसाच्या रसात एक किलोमागे साडेचार किलोच आहे. एवढे पाणी उडवण्याचे जळण परवडत नाही, म्हणून तेथे पुष्कळ जण आटवण्याआधी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून रस दाबाने ढकलून बरेचसे पाणी वेगळे करतात. हंगाम संपला की तेही नळ्या व काहिली धुऊन पुढच्या वर्षाची आखणी करतात.

पुढच्या वर्षीचा ऊस आजच उभा आहे

ही आखणी करताना एक गोष्ट ध्यानात येते. येत्या कार्तिकात गाळायचा ऊस आज शेतात उभा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांनी पक्व होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पूर्वहंगामी १४-१५ महिन्यांनी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीमधला सुरू ऊस सुमारे १२ महिन्यांनी. यंदा तुटलेल्या उसाचा खोडवा आताच फुटू लागला आहे. कोणते शेत कधी लावले याची यादी केली, तर कोणता ऊस कोणत्या महिन्यात आणायचा ते आजच ठरते. खात्रीसाठी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचे दोन थेंब पुरतात. रस जितका दाट तितका त्याचा अपवर्तनांक अधिक. कांडीच्या बुडाचा आणि शेंड्याचा आकडा जवळजवळ सारखा आला की ऊस पक्व समजावा. तोडल्यावर मात्र तो चोवीस तासांच्या आत गाळावा. उशीर झाला की साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज वाढतात आणि गूळ मऊ पडतो.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका काम करत असतील. त्यांना विचारा, यंत्राजवळ नोंदवही असते की नाही? गुऱ्हाळात ती सहसा नसते. रोजचा ऊस, रस, रसाची दाटी, लागलेले चिपाड, उतरवल्याचे तापमान, मिळालेला गूळ, एवढे सहा रकाने पुरेत. त्या मालकांना मी हेच सांगितले. ते हसून म्हणाले, “एवढे लिहायला माणूस कोठून आणू?” त्यांची नातवंडे शाळेत जात होती. मी तिकडे बोट दाखवले.

करून पाहा

१. शिक्षकांच्या देखरेखीखाली पाणी उकळून तापमान नोंदवा. मग १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम साखर घालून पुन्हा नोंदवा. फरक किती आला? (तप्त पाक अंगावर उडाल्यास चिकटून खोल भाजतो, जपून राहा.)

२. रसात विरघळलेले पदार्थ १८ ऐवजी २० टक्के असतील, तर ६०० किलो रसामागे किती पाणी कमी उडवावे लागेल? चिपाड किती वाचेल?

३. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला गूळ केला, तर काहील साधारण किती अंशांना उतरवावी लागेल?

४. जवळ गुऱ्हाळ असेल तर पुढच्या हंगामात एक दिवस तेथे बसा, सहा रकाने भरा आणि त्यावरून चुलवाणाची कार्यक्षमता काढा. मालकांना तो आकडा दाखवायला मात्र विसरू नका.