परत फिरायची जागा

मालवण,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

प्रिय भाच्या,


तुझ्या आईचा फोन आला होता. जानेवारीत तुम्ही पाच मित्र जीप घेऊन कच्छला निघणार, आणि मोठ्या रणाकाठच्या धोर्डोची गर्दी नको म्हणून छोट्या रणात, डांबर संपतं तिथून पुढे आत शिरणार आहात, असं तिने सांगितलं. ‘तू तरी त्याला जाऊ नको म्हणून सांग,’ असा तिचा धोशा. मामा तसं सांगणार नाही. तुझ्या वयात मामाही असाच निघाला होता. त्या संध्याकाळी नेमकं काय झालं, ते तुझ्या आईलाही पुरतं ठाऊक नाही.

तेही पाचच जण होते. दोघे कुडाळचे, एक कणकवलीचा, एक कोल्हापूरचा आणि पाचवा मामा. कॉलेजची शेवटची परीक्षा संपलेली, कोल्हापूरच्याने काकांची जीप आणलेली. देवबाग तू पाहिलंच आहेस. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या, आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, तो संगम. जीप थेट संगमापर्यंत वाळूवरून न्यायची असं ठरलं. वाटेत एक म्हातारे तांडेल जाळं सांधत बसले होते. त्यांनी मानही वर न करता सांगितलं, “झिला, थंय जाव नको. पाणी चढतलां.”

दिवस पौर्णिमेचा होता. भरतीची वेळ काढायची आपल्या किनाऱ्यावरची रीत तुला आजोबांनी शिकवली नसेल, म्हणून इथे लिहितो. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला दर्या भरलेला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब चुकत नाही. भरतीच्या आधी सहा तास सुकती, म्हणजे त्या दिवशी पाचच्या सुमाराला पाणी सर्वांत दूर गेलेलं. जीप वाळूवर उतरली तेव्हा साडेपाच वाजले होते. किनारा पटांगणासारखा मोकळा पडला होता आणि पाणी नुकतंच परत फिरलं होतं. त्यातून पौर्णिमेचं पाणी, म्हणजे नेहमीपेक्षा वर चढणारं.

हा हिशेब त्या पाचांत एकट्या मामाला येत होता. त्याने तो मनात केलाही. तोंडाने मात्र अवाक्षर काढलं नाही.

का, ते पुढे सांगतो. आधी जीपचं ऐक. सुकतीला पाण्यालगतची ओली वाळू पायाला फरशीसारखी घट्ट लागते, आणि गाडी तिच्यावर झकास धावते. संगमाजवळची वाळू तशी नसते. नदीने आणि लाटांनी ती नुकती आणून टाकलेली असते, आत पाणी झिरपत असतं. तिथे पुढचं चाक बसलं. चालवणाऱ्याने जे कुणीही करेल तेच केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी फिरलं की वाळू मागे फेकतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. चारपाच वेळा दाबल्यावर जीपचं पोट वाळूवर टेकलं. मग हाताने वाळू उपसणं, माडाची चुडतां आणून चाकाखाली घालणं, ढकलणं, शिव्या देणं, सगळं झालं. सात वाजले, चंद्र वर आला, आणि पाणी मागच्या चाकापर्यंत पोचलं.

घाईत कुणीतरी जॅक लावला. जॅकखाली फळी नव्हती. फळी घ्यायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. वाळूवर ठेवलेला जॅक गाडीला उचलण्याऐवजी स्वतः खाली रुततो, आणि रुतताना तिरका होतो. कुडाळच्या एकाचा हात चुडतां सारायला चाकाखाली होता. जॅक कलंडला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चाकाखाली अडकली आणि पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

तो भजनात पखवाज वाजवत असे.

म्हाताऱ्या तांडेलांनी गाडी परत येताना पाहिली नव्हती, म्हणून रापणीची माणसं बॅटऱ्या घेऊन आली. पंधरा-वीस जणांनी रापणीचा दोर जीपला बांधला आणि जाळं ओढतात तसं एका तालात तिला एका बाजूने उचललं, तेव्हा हात सुटला. जीप मात्र रात्रभर पाण्यात राहिली. पहाटेच्या सुकतीला ती वर काढली तेव्हा इंजिनात वाळू आणि खारं पाणी भरलेलं. ती पुन्हा कधी चालू झाली नाही. बोटंही वाचली नाहीत.

मामा गप्प का राहिला? भीती वाटली नव्हती असं नाही. पण चार मित्र हसत होते, गाणी म्हणत होते, आणि ‘मालवणचा असून घाबरतोस?’ हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच त्याला ऐकू आला होता. उरलेल्या चौघांना काय वाटत होतं, ते पुढे कित्येक वर्षांनी कळलं. तांडेलांचं बोलणं ऐकून दोघांना परत फिरावंसं वाटलं होतं. पण ‘मालवणचा माणूस काही बोलत नाही, म्हणजे ठीक असेल’ असं त्यांनी धरलं. पाच जण, प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर. एकटा कुणी असता तर त्या वाळूवर गेलाच नसता, हे मामाचं आजही ठाम मत आहे.

वायरीचं तुला आठवत असेल. 15 एप्रिल 2017. बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मंडळी सहलीहून परतताना मालवणला थांबली आणि वायरीच्या समुद्रात उतरली. आठ जण बुडाले. काहींना इथल्या माणसांनी ओढून बाहेर काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी, 1 फेब्रुवारी 2016 रोजी, मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेले 14 विद्यार्थी गेले. एप्रिल काय, फेब्रुवारी काय, पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. लाट किनाऱ्यावर येते ती सगळ्यांना दिसते. तेच पाणी कुठेतरी एकत्र होऊन अरुंद वाटेने परत जातं, ती ओढ नवख्याला दिसत नाही. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून तेवढाच पट्टा शांत वाटतो, आणि पोहायला नेमका तोच बरा दिसतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नसतं, किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाजूला निघायचं असतं. त्या मुलांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, आणि तेव्हा पुष्कळांनी म्हटलंही. मामाला ते कधी पटलं नाही. घोळक्यात पाऊल पुढे कसं पडतं, ते त्याने स्वतः अनुभवलं आहे.

समुद्राचं वाळवंटात काय काम, असं म्हणशील. रण हा मागे गेलेला समुद्रच आहे. पावसाळ्यात तिथे खारं आणि गोडं पाणी भरतं, दिवाळीनंतर ते आटत जातं, आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा राहतो. खाली कित्येक ठिकाणी काळा चिखल तसाच ओला असतो. धोळावीरा ज्या जमिनीवर आहे तिला तिथली माणसं खडीर बेट म्हणतात. भर रणात बेट! नाव ठेवणाऱ्यांनी पाणी पाहिलेलं होतं. छोट्या रणात मीठ पिकवणारे अगरिया महिनोन्‌महिने राहतात. कोणता पट्टा गाडी पेलतो ते त्यांना ठाऊक असतं. त्यांच्यापैकी कुणी ‘इकडे नको’ म्हणालं, तर ते तुमचे तांडेल समजा.

वाळवंटाची एक गोष्ट दर्यापेक्षा उलटी आहे, ती नीट ध्यानात ठेव. भरती चढते तेव्हा गाडी सोडून जीव वाचवायचा. रणात गाडी सोडायची नाही. अमेरिकेत डेथ व्हॅली म्हणून वाळवंट आहे. जुलै 1996 मध्ये चार जर्मन प्रवासी, दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं, भाड्याची व्हॅन घेऊन तिथल्या आडवाटेला लागले. परतीचं विमान चार-पाच दिवसांवर आलेलं. जी वाट उंच, दणकट गाडीलाही जड जाते, तिच्यावर ही घरगुती व्हॅन रुतली आणि टायर बसले. ते चौघे गाडी सोडून चालत निघाले. ऑक्टोबरमध्ये हेलिकॉप्टरमधून व्हॅन दिसली. दोन मोठ्यांची हाडं मिळाली ती 2009 साली, गाडीपासून कित्येक मैलांवर. गाडी आकाशातून दिसते, माणूस दिसत नाही. जानेवारीतल्या रणात तसा जाळ नसतो, रात्री उलट थंडी असते, पण दिशा चुकलेल्या माणसाला दोन्ही सारखंच.

तेव्हा जायचं तर असं जा. निघण्याआधी, घरी, कागदावर लिहा की अमुक वाजता, आपण कुठेही असू, गाडी मागे वळवायची. ती वेळ तिथे जाऊन ठरवायची नाही, कारण तिथे सगळे हसत असतात. पाचांपैकी एकाने ‘परत’ म्हटलं की बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही. रात्री आठपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं, ते आईला आणि मुक्कामाच्या मालकाला सांगून ठेवा. आत फोनला रेंज मिळेलच असं नाही. माणशी पाच लिटर पाणी. भुसभुशीत वाळूत हवा निम्म्यावर आणली की टायर पसरतो आणि गाडी तरते. ती पुन्हा भरायला पंप हवा. ओल्या चिखलात हा उपाय चालत नाही, तिथे जुन्या चाकोरीबाहेर जायचंच नाही. चाक बसलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडून खाली उतरा.

फणसाच्या दोन फळ्या करून ठेवल्या आहेत, दीड फूट लांब, दोन इंच जाड. एक जॅकखाली, एक जादा. कुडाळचा मित्र या रविवारी मालवणला येतोय, येत्या हप्त्यात पुण्याला जाताना तो त्या तुझ्याकडे पोचवील. त्याला चहा कर. तो तुला त्या संध्याकाळचं त्याच्या बाजूने सांगेल. अलीकडे तो डाव्या हाताने तबला शिकवतो.

तुझा,
मामा