स्वमग्न मुलांस कोणती शिकवण द्यावी?

बऱ्हाणपुरासारख्या गावी एखादे मूल हाकेस ओ देत नाही असे दिसले की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी ताईत सुचवितो, कोणी मुंबईचा रस्ता दाखवितो. स्वमग्नता हा रोग नव्हे, मेंदूची निराळी जडणघडण होय, हे प्रथम ध्यानी घेऊ.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन केले. पुढे अमेरिकेत लोवास यांनी बक्षिसे देऊन वर्तन घडविण्याची पद्धत रूढ केली. आरंभी तीत शिक्षा, विजेचे झटकेसुद्धा होते! 'नजरेला नजर दे' या हट्टापायी आपण शिणून गेलो, असे कित्येक स्वमग्न प्रौढ आज सांगतात. त्यांचे म्हणणे आम्हांस वजनदार वाटते. एरिक शॉप्लर यांनी निराळी वाट धरली. चित्रांचे वेळापत्रक लावून त्यांनी भोवतालची मांडणीच मुलाच्या सोयीची केली.

मग निवड कशी करावी? बोलता न येणाऱ्या बालकास चित्र दाखवून पाणी मागता येणे, किशोरास एकट्याने स्थानकापर्यंत जाता येणे, प्रौढास आवडीचे काम मिळणे, यांतील आज निकड कशाची ते पाहावे. शक्य तेथे त्यालाच विचारावे. 'समूळ बरा करतो' म्हणणाऱ्याच्या दारी मात्र जाऊ नये. शरीरातील धातू काढून टाकण्याच्या अशाच एका उपचारात २००५ साली अमेरिकेत ५ वर्षांचा मुलगा दगावला.