रब्बी ज्वारी करणाऱ्या नातवाला

पोरा, यंदा मंगळवेढ्याचं रान तू कसणार, म्हणून सांगतो. ज्वारीला पाणी लागत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. पाणी तिलाही लागतं, पण ती ते जपून वापरते. पेरणीनंतर वरून थेंब पडेल याचा भरवसा नाही. मृगापासून हस्तापर्यंत रानात मुरलं, तेवढ्यावर तिला चार महिने काढायचे असतात. म्हणून जुलैतच उताराला आडवे वाफे बांधून घे. पावसाचं पाणी बांधाबाहेर गेलं, तर पुढं कितीही राबलास तरी भरून निघत नाही.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. आधी घाई केलीस तर खोडमाशी पोंगा मारते, उशीर केलास तर ओल खाली गेलेली असते. वाण ठरवण्याआधी कुदळीनं खणून बघ. फूटभरावर मुरूम लागला तर फुले अनुराधा नाहीतर फुले माउली. खोल काळ्या रानात फुले वसुधा. मधल्या जमिनीत मात्र आपली मोहोळची मालदांडी ३५-१च. भाकरीची चव आणि कडबा, दोन्हींत मला तिच्यापुढं दुसरी दिसत नाही. बी एकरी ४ किलो पुरे, किलोला ४ ग्रॅम गंधक चोळ म्हणजे काणीची भीती नाही. दाट पेरू नकोस. दाट रानात ताटं आधीच सगळी ओल पिऊन बसतात आणि दाणा भरायच्या वेळी कणीस उपाशी राहतं.

आता खरी गोष्ट कोळपणीची. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. शेवटची पाळी लोक टाळतात, रानात तण कुठंय म्हणतात. अरे, ती तणासाठी नसतेच! तोवर काळी जमीन भेगाळलेली असते आणि खालची ओल त्या भेगांतून उडून जाते. दातेरी कोळप्यानं वरची माती भुसभुशीत होऊन भेगांत पडते, तोंडं बुजतात. ही पाळी चुकवू नकोस.

दुपारी पानं सुरळीसारखी वळली म्हणून घाबरायचं नाही. ऊन कमी लागावं म्हणून ती अंग चोरतात. ताटावरून बोट फिरव, पांढरी भुकटी लागेल. ते मेण आहे, त्यानं ओल आत राहते. पीक बघायचं ते पहाटे. पहाटेलाही पानं वळलेलीच दिसली, तर मुळांना ओल मिळेना झालीय असं समज. विहिरीत एकच पाणी द्यायची ऐपत असेल, तर ते पोटरीत दे. फुलोऱ्यानंतर ताण फार बसला की ताट आपल्यातली साखर कणसाला देऊन पोकळ होतं, बुडाशी बुरशी शिरते, आणि खडखड्यानं उभं रान लोळतं. मग कणसंही हलकी आणि कडबाही वाया.

आणि जनावरांना जप. पावसानं ताणलेली, खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापल्यावर आलेले फुटवे बैलाला हिरवे खाऊ देऊ नकोस. त्यात विष असतं, किरळ लागते, जनावर घटकेत जातं. तसं पीक कापायची वेळ आलीच तर आधी उन्हात चांगलं वाळव, मगच दावणीत टाक.